ओळीच्या शेवटचा शब्द



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, ते आयुष्यभर मुद्रितशोधक होते. त्यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. त्यांच्या पेन्सिलीखालून गेलेली पुस्तकं मात्र या वाचनालयाच्या प्रत्येक कपाटात आहेत. मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तेव्हा छापखान्यात अजून अक्षरांचे खिळे जुळवले जात होते. पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातात जाड पुठ्ठ्याची एक पट्टी दिली. ती प्रुफाच्या पानावर उभी ठेवायची, डावीकडचा सगळा मजकूर झाकून टाकायचा आणि उजव्या कडेचा दोन बोटं रुंद भाग तेवढा वाचायचा. नुसते ओळींचे शेवट, वरपासून खालपर्यंत. त्यांचं म्हणणं असं, की मजकुरातली चूक लेखकाची असेल, जुळाऱ्याची असेल. ओळीच्या टोकाला वेडावाकडा तुटलेला शब्द मात्र शेवटचं प्रूफ पाहणाऱ्याच्या पदरात पडतो.

त्या पट्टीमुळे मला जे दिसायला लागलं ते आजतागायत दिसतं. ‘नवरात्र’ हा शब्द ‘नवरा’ इथे तुटलेला आणि ‘त्र’ खालच्या ओळीत गेलेला. ‘आजारपण’मधला ‘आजा’ वर, ‘रपण’ खाली. ‘पावसाळा’तला ‘पाव’ वर. डोळा ओळीच्या टोकाशी पोचतो, ‘आजा’ वाचतो, मनात एक म्हातारा माणूस उभा राहतो आणि खालच्या ओळीत उतरल्यावर त्याला पुसून टाकावं लागतं. अर्ध्या क्षणाचा खेळ. पण वाचकाचा तो अर्धा क्षण आपण फुकट घालवला, हे सरांना सहन होत नसे. ते पेन्सिलीनं गोल करत आणि समासात शब्द कुठे तुटायला हवा तिथे एक बारीक उभी रेघ मारत. नव-रात्र. आजार-पण. पाव-साळा नव्हे, पावसा-ळाही नव्हे. हा शब्द तोडूच नये, जागा काढावी, असं ते सांगत.

आज मला त्या बारीक उभ्या रेघेबद्दल बोलायचं आहे. ती रेघ संगणकाला कशी शिकवतात, जगातल्या भाषांनी ती कशी शिकवली, मराठीची रेघ आज कुठे आहे आणि ती अर्धीच का आहे, एवढाच आजचा विषय.

शब्द तोडायचेच कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. ओळ डावीकडून सरळ आणि उजवीकडून मोकळी सोडली तर फारसे तोडावे लागत नाहीत. लहान मुलांच्या पहिल्या पुस्तकांत तर तोडूच नयेत. ज्याला अजून शब्द ओळखू यायचा आहे त्याच्यापुढे अर्धा शब्द ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. पण वर्तमानपत्राचा रकाना, शब्दकोशाचं दोन रकान्यांचं पान, कादंबरीचं दोन्ही कडा सरळ असलेलं पान किंवा आता हातातला मोबाइल, इथे ओळ अरुंद असते. मोठा शब्द मावला नाही तर तो पुरताच खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेल्या चार शब्दांमध्ये भगदाडं पडतात. अशा ओळी एकाखाली एक आल्या की पांढऱ्या फटींची नागमोडी वाट पानावरून खाली उतरते. छपाईतली माणसं तिला नदी म्हणतात.

आणि मराठीचे शब्द मोठे असतात. हिंदीत ‘के लिए’, ‘के साथ’, ‘में’ हे वेगळे लिहितात, त्यामुळे ओळ मोडायला जागोजाग मोकळ्या जागा मिळतात. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘कार्यकर्त्यांबरोबरसुद्धा’, ‘महाराष्ट्रातल्यांप्रमाणेच’, हे आपले रोजचे शब्द आहेत, कुणी विद्वत्ता दाखवायला घडवलेले नव्हेत. म्हणजे शब्द नीट तोडण्याची गरज हिंदीपेक्षा मराठीला जास्त आहे. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

खिळ्यांच्या काळात हे काम जुळाऱ्याच्या हातात होतं. ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये ओळ भरत आली की तो दोन शब्दांमधल्या स्पेस बारीक-जाड करून पाही, नाहीच जमलं तर शब्द तोडून संयोगचिन्हाचा खिळा लावी. त्याला व्याकरण शिकवलेलं नव्हतं, पण तो मराठी बोलत होता. ‘घरकाम’ तोडायचं तर ‘घर’नंतर, हे त्याला कुणी सांगावं लागत नसे. मग संगणकावरची जुळणी आली आणि जुळाऱ्याचा कान छापखान्यातून बाहेर गेला. सुरुवातीच्या मराठी फाँटमध्ये अक्षर म्हणजे नुसती चित्रं होती. काना वेगळं चित्र, वेलांटी वेगळं चित्र, आणि वेलांटी तर व्यंजनाच्या आधी टाइप केलेली. संगणकाच्या लेखी तिथे मराठी भाषा नव्हतीच. आपण शब्द तोडायला सांगितला तर तो वेलांटी वरच्या ओळीत ठेवून अक्षर खाली नेई. म्हणून सगळ्या छापखान्यांनी तोडणं बंद केलं आणि अगदीच अडलं तिथे हातानं संयोगचिन्ह टाइप करायला सुरुवात केली.

त्या हातानं टाइप केलेल्या चिन्हानं माझ्या पहिल्या लेखसंग्रहाचं काय केलं ते सांगतो. पहिली आवृत्ती ठीक निघाली. दुसऱ्या आवृत्तीला प्रकाशकांनी पुस्तकाचा आकार बदलला. ओळी नव्यानं पडल्या, शब्द जागचे हलले, पण टाइप केलेली चिन्हं शब्दांना चिकटून राहिली. ‘विद्या-पीठ’, ‘समा-धान’, ‘राज-कारण’ हे शब्द ओळीच्या ऐन मध्यावर, पोटात काडी घातल्यासारखे छापून आले. मला शेवटचं प्रूफ दाखवलंच गेलं नव्हतं. एका वाचकानं पत्र लिहून विचारलं, की ‘समा-धान’ लिहिण्यामागे काही वेगळा अर्थ आहे का? सर तेव्हा हयात होते. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, सगळ्या काड्यांवर खुणा केल्या आणि मला परत दिलं. काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. शब्द कुठे तुटू शकतो ही माहिती मजकुरात टाइप करायची नसते. ती मजकुराच्या बाहेर, भाषेच्या नावानं साठवलेली असावी लागते. मग आकार बदलो, अक्षराचा ठसा बदलो, संगणक त्या त्या वेळी ओळ मोजतो, गरज पडली तरच तोडतो आणि चिन्ह लावतो. गरज सरली की चिन्ह नाहीसं. ही कल्पना ज्यांनी नीट बांधली त्यांची गोष्ट अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली आहे.

डोनाल्ड कनूथ हे तेव्हा तिथले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या ग्रंथमालेच्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली आणि ती पाहून ते इतके निराश झाले, की आपलं पुस्तक आपणच जुळवायचं असं ठरवून त्यांनी ‘टेक’ नावाची अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. आजही गणिताची पुस्तकं आणि शोधनिबंध जगभर तिच्यावर जुळतात. टेकच्या पहिल्या रूपात शब्द तोडायचे नियम इंग्रजीतले उपसर्ग आणि प्रत्यय ओळखून लिहिलेले होते. ते इंग्रजीपुरतेच होते आणि इंग्रजीतही बरेच शब्द सुटत. कनूथांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी दुसरी वाट शोधली. १९८३च्या त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकातही शब्द तोडून छापले आहेत.

लियांगांनी व्याकरण बाजूला ठेवलं. एका खिशात मावणाऱ्या इंग्रजी शब्दकोशातले, तुटण्याच्या जागा दाखवलेले शब्द त्यांनी घेतले आणि संगणकालाच विचारलं, की अक्षरांचे कोणते तुकडे शेजारी आले म्हणजे शब्द तुटतो, आणि कोणते आले म्हणजे तुटत नाही? या तुकड्यांना नमुने म्हणतात. नमुन्यातल्या दोन अक्षरांच्या मध्ये एक आकडा असतो. विषम आकडा म्हणजे इथे तोडायला परवानगी, सम आकडा म्हणजे मनाई. एकाच जागेवर दोन-तीन नमुने लागू पडले तर ज्याचा आकडा मोठा त्याचं चालतं. १ म्हणतो तोडा, २ म्हणतो नको, ३ म्हणतो इथे तोडाच, ४ म्हणतो तरीही नको. इंग्रजीसाठी असे ४४४७ नमुने निघाले. त्या शब्दकोशातल्या तुटण्याच्या जागांपैकी ८९ टक्के त्यांनी शोधल्या आणि चुकीची जागा जवळजवळ कुठेच दाखवली नाही. पाच लाख बाइटांचा कोश पंचवीस हजार बाइटांत मावला. नमुन्यांना नीट न जमलेल्या १४ शब्दांची एक वेगळी यादी कनूथांनी सोबत जोडली.

मला या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. सुटलेली जागा आणि चुकीची जागा या दोन चुका लियांगांनी एका तराजूत घातल्या नाहीत. शब्द तुटला नाही तर ओळ जरा सैल पडेल, वाचक ते सोसेल. शब्द चुकीचा तुटला तर अर्थ बिघडेल. म्हणून अकरा टक्के जागा सोडून दिल्या, पण चूक येऊ दिली नाही. सरांची पेन्सिल हेच करत होती.

लियांगांच्या पद्धतीचं दुसरं बळ असं, की ती कुठल्याही भाषेला चालते. प्रोग्रॅम तोच राहतो, नमुन्यांची फाइल तेवढी बदलते. १९९०च्या टेकमध्ये एकाच दस्तऐवजात २५६ भाषांपर्यंत नमुने ठेवायची सोय झाली. नवी भाषा जोडायची म्हणजे संगणकाला नवं यंत्र बसवायचं नाही. साध्या मजकुराची एक फाइल लिहायची. पुढे लिब्रेऑफिस वापरतं ती ‘हायफन’ नावाची संहिता, ब्राउझर, मोबाइल, अनेकांनी हीच पद्धत उचलली. म्हणून एका भाषेसाठी एकदा लिहिलेली फाइल कितीतरी ठिकाणी पोचते.

मात्र प्रत्येक भाषा आपली अडचण घेऊन येते. जर्मनमध्ये शब्दांना शब्द जोडून लांबलचक समास करतात. ‘ब्लूमेनटोप्फएर्डे’ म्हणजे फुलांच्या कुंडीतली माती. तो ‘टोप्फ’नंतर तोडला तर माती, ‘टो’नंतर तोडला तर खालच्या ओळीत ‘प्फेर्डे’, म्हणजे घोडे. आपल्या ‘नवरा-त्र’चं हे जर्मन भावंड. तिथल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून लाखो शब्दांची यादी केली आहे. तीत शब्द कुठे तुटेल एवढंच नाही, तर कुठली जागा चांगली, कुठली चालण्याजोगी आणि कुठली अर्थ बिघडवणारी, हेही खुणांनी नोंदवलं आहे. १९९६च्या लेखनसुधारणेनंतर जर्मनचे तोडण्याचे नियमही बदलले, म्हणून जुन्या लेखनाचे नमुने वेगळे आणि नव्याचे वेगळे ठेवावे लागले. हंगेरियनमध्ये तर शब्द तोडला की त्याचं लेखनच बदलतं. ‘अस्सोञ’, म्हणजे बाई, या शब्दात एक जोडलेलं दुहेरी अक्षर आहे. ते तोडताना वर आणि खाली दोन्हीकडे पुरतं लिहावं लागतं, म्हणजे एक अक्षर वाढतं. लियांगांच्या पद्धतीत हे बसत नव्हतं. लास्लो नेमेथ या हंगेरियन गृहस्थांनी ‘हायफन’ संहितेत त्यासाठी सोय केली. आपल्या भाषेची अडचण त्यांनी दुसऱ्या कुणी सोडवावी म्हणून वाट पाहिली नाही.

२००८मध्ये स्लोव्हेनियाच्या मोय्त्सा मिक्लावेट्स आणि फ्रान्सचे आर्थर रॉयतेनाउअर यांनी जगभर विखुरलेल्या या फाइली एकत्र केल्या आणि युनिकोड या सामाईक संकेतात आणल्या. त्याआधी प्रत्येक भाषेची फाइल आपापल्या संकेतात होती. या संग्रहात संस्कृतचे नमुने आहेत, ते इव्ह कोदे या फ्रेंच अभ्यासकाचे. आणि आसामी, बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, मराठी, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू या अकरा भाषांचे नमुने आहेत, ते केरळच्या संतोष तोट्टिंगल यांचे.

हे नाव मी इथे मुद्दाम उच्चारतो आहे. ‘स्वतंत्र मल्याळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या गटातले हे अभियंते. त्यांना मल्याळमसाठी नमुने हवे होते. ते करताना त्यांच्या लक्षात आलं, की भारतीय लिप्यांची घडण एकच आहे, थोडक्या फरकानं शेजारच्या भाषांचंही काम होईल. त्यांनी ते केलं आणि मुक्त परवान्यानं सर्वांना दिलं. लिनक्सच्या डेबियन वितरणात मराठीचं जे हायफन पॅकेज आहे ते याच कामातून आलं. अँड्रॉइडच्या नमुन्यांच्या संचातही मराठी आहे. या सगळ्या ठिकाणी मराठी शब्द तुटतो तो एका मल्याळी माणसाच्या फाइलीमुळे. या सभागृहातर्फे मी त्यांचे आभार मानतो.

ती मराठीची फाइल उघडून पाहा, कुणालाही वाचता येते. तिच्यात शंभराच्याही आत नमुने आहेत आणि अर्थ सोपा आहे. स्वतंत्र स्वराशेजारी तोडता येईल. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांच्यानंतर तोडता येईल, आधी नाही. व्यंजनाच्या आधी तोडता येईल. अनुस्वार आणि विसर्ग मागच्या अक्षरापासून सुटणार नाहीत. आणि हलन्ताच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना २, म्हणजे मनाई. या शेवटच्या एका ओळीत सगळी जोडाक्षरं सांभाळली जातात.

‘पुस्तक’ घ्या. संगणकाला तो प, उकार, स, हलन्त, त, क असा दिसतो. उकारानंतर १, ‘स’च्या आधी १, म्हणून ‘पु-स्तक’ तुटतो. ‘त’च्या आधीही १ आहे, पण तिथे हलन्ताचा २ येऊन बसतो. २ मोठा, म्हणून ‘स्त’ फुटत नाही. ‘क’च्या आधी १, कुणाची हरकत नाही, म्हणून ‘पुस्त-क’. जोडाक्षर वाचलं, वेलांटी वाचली, अनुस्वार वाचला. जुन्या फाँटच्या काळात जे भोगलं त्यापुढे हे फार मोठं सुख आहे. ‘दऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांतला आपला अर्धा ‘ऱ’ एका जुन्या टाइप करण्याच्या रीतीत शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह घालून लिहितात. त्याच्याही दोन्ही बाजूंना मनाई लिहून ठेवली आहे.

पण ‘पुस्त-क’कडे परत पाहा. एकटा ‘क’ खालच्या ओळीत. हे टाळायला शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी किमान किती अक्षरं राखायची ते सांगता येतं. फक्त टेक तिथे मोजतो ती युनिकोडची चिन्हं, आपली अक्षरं नव्हेत. किमान दोन सांगितलं तर ‘पुस्त-क’ थांबेल, पण ‘बोल-तो’ चालेल, कारण ‘त’ आणि ओकार ही त्याच्या हिशेबी दोन. आणि ‘क्षि’ तर चार. इंग्रजीच्या मोजमापानं मराठी अक्षर मोजलं की असं होतं.

याहून मोठी उणीव वेगळी आहे, आणि मघाचं वाक्य मी इथे परत आणतो. मराठीच्या फाइलीतले नियम हिंदीसारखेच आहेत, कारण ते लिपीचे नियम आहेत. देवनागरी कशी लिहितात ते त्यांना ठाऊक आहे. मराठी कशी बोलतात ते ठाऊक नाही. हिंदीपेक्षा जास्त गरज असलेली भाषा हिंदीच्याच सदऱ्यात बसवलेली आहे.

‘करणार’ हा शब्द आपण ‘कर-णार’ असा उच्चारतो. ‘र’मधला ‘अ’ तोंडात येतच नाही. फाइल मात्र ‘क-रणार’लाही तेवढीच मोकळीक देते. सरकार ‘स-रकार’ होऊ शकतं, बाजारपेठ ‘बा-जारपेठ’, दिवसभर ‘दिव-सभर’. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द ‘विद्यार्थ्यां’नंतर तोडावा हे शाळेतलं मूलही सांगेल, फाइलीच्या लेखी ‘विद्यार्थ्यांसा-ठी’ही तितकंच योग्य. तोट्टिंगलांचा यात दोष नाही. मराठीचा कान त्यांच्याकडे असण्याचं कारणच नव्हतं. तो आपल्याकडे आहे.

मग आपण काय लिहायचं? पहिला विचार असा येतो, की शब्दयोगी अव्ययांचे नमुने घालावेत: ३साठी, ३बरोबर, ३पर्यंत, ३प्रमाणे, ३सुद्धा. मीही तिथूनच सुरुवात केली. ‘आजारपण’, ‘मोठेपण’, ‘लहानपण’ नीट तुटावेत म्हणून ‘३पण’ घातलं आणि एका चाचणीत ‘दर्पण’ आणि ‘अर्पण’ मधोमध फुटले. रफार सुटून एकटा ‘र्’ वरच्या ओळीत उभा. कारण उघड होतं: हलन्ताची मनाई २ची, माझी परवानगी ३ची. लिपीचा कायदा माझ्या व्याकरणानं मोडला. म्हणजे आधी हलन्ताची मनाई ८पर्यंत चढवायची, मग बाकीचं. ते केल्यावर ‘वृक्षारोपण’ पुढे आलं. तिथे जोडाक्षर नाही आणि ‘पण’ हा प्रत्ययही नाही, तरी शब्द ‘वृक्षारो’ला तुटला. त्या दिवशी मला पटलं, की डोक्यातून नियम काढून हे काम होणार नाही. लियांगांनी केलं तेच करावं लागेल: आधी शब्दांची यादी, प्रत्येक शब्दात माणसानं मारलेली उभी रेघ, आणि मग त्या यादीतून यंत्रानं काढलेले नमुने. त्यासाठी लियांगांनीच लिहिलेला ‘पॅटजेन’ हा प्रोग्रॅम आहे, त्याच्या धर्तीवर पुढे झालेलीही साधनं आहेत. यंत्राचा भाग तयार आहे. यादी नाही.

ती कोशातून उचलता येणार नाही. मोल्सवर्थच्या १८५७च्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत आणि ते आज संगणकावर उपलब्ध आहेत, पण कोशात ‘विद्यार्थी’ असतो, ‘विद्यार्थ्यांबरोबरच्या’ नसतो. ओळीच्या शेवटी अडतो तो दुसरा. म्हणून यादी चालत्या मजकुरातून, वर्तमानपत्रांतून, विश्वकोशातून, मराठी विकिपीडियातून घ्यावी लागेल. पत्र्यावर धान्य पसरून निवडावं तसं ते काम आहे: लांब शब्द वेचायचे, एकेक मोठ्यानं म्हणायचा, रेघ मारायची.

काही ठिकाणी आपल्यात मतभेद होतील आणि व्हायला हवेत. ‘विद्यार्थी’ हा विद्या आणि अर्थी यांचा संधी. अर्थाप्रमाणे जी जागा हवी ती स्वरातच विरून गेली आहे. मी ‘विद्या-र्थी’ म्हणेन. रफार असलेलं अक्षर ओळीच्या आरंभी नको असं म्हणणारे जाणकार मला भेटले आहेत. ‘जगन्नाथ’ ‘जग-न्नाथ’ तोडावा की तोडूच नये? विशेषनामं तोडावीत का? मला वाटतं नयेत. संयोगचिन्ह दाखवायचं का हाही प्रश्न आहे. मल्याळम आणि तमिळ छपाईत चिन्हाविना शब्द तोडलेले दिसतात. मराठी वाचकाला चिन्हाची सवय आहे, ती मोडण्याचं कारण मला दिसत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२च्या मिळून अठरा लेखननियमांत ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा याबद्दल एकही नियम नाही. म्हणजे हा निर्णय कुणी आधी घेऊन ठेवलेला नाही, तो आपल्याला घ्यायचा आहे. गोव्यातल्या कोकणीचंही बरंचसं असंच आहे. लिपी देवनागरी, अव्ययं शब्दाला जोडलेली, कान मात्र निराळा. तिथल्या मित्रांनी आपली यादी आपणच करावी, आमची उसनी घेऊ नये.

किती शब्द लागतील? सुरुवातीला काही हजार पुरे. ‘साठी’, ‘बरोबर’, ‘णार’, ‘ताना’ अशी नेहमीची शेपटं असलेले आणि नेहमीचे समास असलेले शब्द आधी घेतले तर पहिल्याच फेरीत पानाचं रूप बदलेल. यादी मुक्त परवान्यानं द्यायची, म्हणजे टेक, लिब्रेऑफिस, मोबाइल, कुणालाही परवानगी विचारत बसावं लागणार नाही. ज्या संग्रहात मराठीची आजची फाइल आहे तो सांभाळणारी माणसं सुधारणा स्वीकारतात. त्यांना मराठी येत नाही, म्हणून ते आपल्याकडून आलेल्या कामावरच विसंबून राहतील. चुकलेला एक आकडा हजारो पुस्तकांत जाईल, एवढं लक्षात ठेवून ते पाठवायला हवं. पाठवण्याआधी शेवटची फेरी दोघा-तिघा अनुभवी मुद्रितशोधकांनी पुठ्ठ्याची पट्टी धरून वाचावी, असा माझा आग्रह आहे.

सरांनी शेवटच्या दिवसांत केलेल्या प्रुफांची काही बंडलं त्यांच्या घरच्यांनी या वाचनालयाला दिली आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती मी चाळली. समासातल्या त्या बारीक उभ्या रेघा एकेक करून उतरवून घेतल्या. सहाशे बारा शब्द भरले. यादीची सुरुवात त्यांपासून केली आहे.

सभागृहाच्या दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. डावीकडे शब्द लिहायचा, उजवीकडे तोच शब्द उभी रेघ मारून. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली आहे. जाताना प्रत्येकानं निदान दहा शब्द लिहावेत, आणि लिहिण्याआधी ते एकदा मोठ्यानं म्हणावेत, ही माझी विनंती आहे.